पाववाल्या मामांचा समेट

मामांना कुणीही विचारलं, "कसं काय चाललंय?" तर उत्तर ठरलेलं असे. "आपलं काय, साधं जगणं. पीठ, पाणी, मीठ आणि प्रभू." एवढं बोलून ते पुन्हा पीठ मळायला लागत आणि मळता मळता उपासनेतलं एखादं गीत गुणगुणत. गीत सुरू झालं की समोरच्या माणसानं आपलं बोलणं संपलं असं समजायचं, मग ते अर्ध्यावर का असेना.

गल्लीचे ते मामा कसे झाले, हे कुणालाच नीट सांगता येत नसे. पाव घ्यायला येणाऱ्या पोराटोरांनी मामा म्हणायला सुरुवात केली, त्यांचं ऐकून त्यांच्या आयांनी म्हटलं, मग बापांनी, आणि शेवटी वयानं मोठे असलेले आजोबा लोकही काठी टेकत येऊन "मामा, एक पाव द्या" म्हणायला लागले. नात्यांचा एवढा घोळ झाल्यावर त्यांच्या बायकोला मामी होण्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

बेकरी लहानशी होती. पुढं काउंटर, मागं भट्टी, वर राहायच्या दोन खोल्या. भट्टीजवळ मामांचं राज्य, काउंटरवर मामींचं. मामी उंच स्टुलावर बसत आणि त्यांच्या हातात फोन असे. म्हणजे असायचाच. चहा पिताना डाव्या हातात, भाजी चिरताना ओट्यावर, झोपताना उशाशी. पावाच्या ऑर्डरी त्यावर येत, मैदा त्यावरून मागवावा लागे, विजेचं बिल त्यावर, कराचे कागद त्यावर, आणि चर्चच्या मंडळीतल्या गायकवृंदाचा सराव किती वाजता हेही त्यावरच.

मामांकडं फोन नव्हता. कुणी टोकलं तर म्हणत, "मला ज्याच्याशी बोलायचंय तो वर आहे. त्याला रेंज लागत नाही." हे वाक्य मंडळीच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, इतकं आवडलं की त्यांनी एका रविवारी ते प्रवचनात घेतलं. "या धावपळीच्या जगात साधं जगणं कसं असावं, हे आपल्या पाववाल्या भावांकडून शिकावं," असंही म्हणाले. त्या दिवशी मामा घरी जरा तरंगतच आले. मामी बरोबर होत्या, पण त्यांना मैदेवाल्याचा फोन आल्यामुळं त्या चार पावलं मागं राहिल्या होत्या.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनामंदिरात प्रभुभोजन असे, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकच भाकर वाटून खायची, आणि मेजावरची ती पावासारखी भाजलेली भाकर मामांच्या भट्टीतून जाई. हा मान वडिलांपासून चालत आला होता आणि मानाबरोबर घरची एक शिस्तही आली होती. आदल्या शनिवारी दुपारी, भाकरीचं पीठ भिजवण्याआधी, भट्टीसमोर उभं राहून डोळे मिटायचे आणि ओळखीपाळखीची माणसं एकेक करून आठवायची. कुणाच्या मनात आपल्याबद्दल सल आहे का? असेल तर पिठाला हात लावायचा नाही. आधी त्याच्या दारी जाऊन समेट करायचा, मग भाकर. प्रभूनंच तसं सांगून ठेवलंय, त्यात आपण फाटे फोडायचे नाहीत, असं वडील म्हणत. एकदा ते दूधवाल्याची क्षमा मागायला अंगावरच्या पिठासकट असे धावत सुटले, की दूधवाल्याला वाटलं बेकरीला आग लागली. तो बिचारा पाण्याची बादली घेऊनच दाराबाहेर आला. समेट झाला, वडील मात्र ओले झाले.

मामांनीही ही शिस्त आयुष्यभर पाळली. आणि सांगायला आनंद वाटतो, की त्यांचं पीठ आजवर कधी अडलं नव्हतं. मामा भांडणारे नव्हतेच. भांडायला समोरच्याचं ऐकावं तरी लागतं.

तर त्या आठवड्यात सोमवारी सकाळी शेजारचा औषधवाला पाव घ्यायला आला आणि म्हणाला, "मामा, वाईट वाटून घेऊ नका, पण कुणीतरी तुम्हाला एक तारा दिलाय."

"कशाला उगीच," मामा लाजून म्हणाले.

"अहो, पाचपैकी एक! पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे नावडतं. लोक फोनवर दुकानांना तारे देतात. हे बघा." त्यानं फोन काउंटरवरून पुढं धरला. तारा देणाऱ्यानं नावाच्या जागी 'नाव नको' असं लिहिलं होतं. खाली एक ओळ होती. 'पाव उत्तम. पाववाल्याबद्दल न बोललेलं बरं.'

मामांनी ती ओळ दोनदा वाचली. मग हात पुसले आणि पुन्हा वाचली.

"सोडून द्या हो," औषधवाला म्हणाला. "मला तर कुणी लिहिलंय की माझ्या गोळ्या कडू असतात."

"सोडून कसं देऊ? कुणीतरी माझ्यावर नाराज आहे आणि ते आता मला कळलंय. रविवारी प्रभुभोजन आहे. शनिवारच्या आत हा माणूस सापडला नाही तर भाकर कशी करू?"

"पण नावच नाही लिहिलेलं! कुठं शोधणार?"

"म्हणजे कुणीही असू शकतं," मामा म्हणाले. "मग सगळ्यांनाच विचारायला हवं."

मामी तेव्हा फोनवर कुणालातरी गव्हाच्या पिठाची पोती का आली नाहीत ते विचारत होत्या. मामा म्हणाले, "ऐकलंस का, कुणीतरी आपल्यावर नाराज आहे."

"आपल्यावर नाही," मामी फोनवर हात ठेवून म्हणाल्या. "तुमच्यावर."

पण मामांचा एक हात तोवर कोटाच्या बाहीत गेला होता.

पहिलं दार समोरच्या घरातल्या गाण्याच्या बाईंचं. बाईंनी निम्म्या गल्लीला पेटी शिकवली होती आणि उरलेल्या निम्म्या गल्लीनं ती सोसली होती. मामा दारातच म्हणाले, "बाई, माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा करा. तुमच्या मनात काही सल आहे का?"

"तारा मी दिलेला नाही," बाई म्हणाल्या. बातमी त्यांच्यापर्यंत मामांच्या आधी पोचली होती. "पण विचारताच आहात तर सांगते. तुम्ही रोज सकाळी जे गीत गुणगुणता ना, ते तिसऱ्या ओळीत घसरतं. इतकी वर्षं मी खिडकी लावून घेते. उन्हाळ्यातसुद्धा."

मामांनी तिथंच त्यांची क्षमा मागितली. बाईंनी तिथंच त्यांना तिसरी ओळ शिकवायला घेतली. ती काही बसली नाही, पण बाईंचं समाधान झालं, आणि वर त्यांनी चहाही पाजला.

टॅक्सीवाला नाक्यावर गाडी पुसत होता. मामांनी विचारल्यावर तो आधी "छे छे" म्हणाला, मग फडकं पिळत बसला, आणि शेवटी त्यानं मन घट्ट करून सांगितलं, "मामा, तुम्ही मला रोज जळका पाव देता."

"तुला आवडतो म्हणून तर बाजूला काढून ठेवतो!"

"मला नाही आवडत! पहिल्या दिवशी तुम्हीच म्हणालात, जळका खमंग लागतो, घेऊन जा. मी आपलं भिडेखातर बरा लागला म्हणालो. तेव्हापासून आमच्या घरी सगळे जळकाच खातात. बायको म्हणते, दुकान तरी बदला नाहीतर मी नवरा बदलते."

मामांनी कपाळाला हात लावला. मग दोघंही इतके हसले की टॅक्सीत बसायला आलेलं गिऱ्हाईक भिऊन दुसऱ्या गाडीकडं गेलं.

अशी दारं रोज होऊ लागली. तारा कुणीच दिलेला नव्हता, पण ज्याला विचारावं त्याच्या मनातून काही ना काही निघत होतं. कुणाला मामांनी कधीकाळी दुसऱ्याच्याच नावानं हाक मारली होती. कुणाच्या मुलीच्या लग्नात ते जेवायला थांबले नव्हते. मामा ऐकत, हात जोडत, क्षमा मागत आणि पुढच्या दारी जात. लोकांनाही गंमत वाटू लागली. ज्यांच्या दारी मामा अजून पोचले नव्हते ते दुकानात येऊन विचारू लागले, "आमचा नंबर कधी?" आल्यासारखे पावही घेऊन जात. औषधवाल्यानं ही हकीकत फोनवरून आणखी चार जणांना कळवली आणि ऑर्डरींचा पाऊस सुरू झाला. मामींच्या हातातला फोन तव्यासारखा तापला.

गुरुवारी मामा कोट चढवून निघाले तेव्हा मामी स्टुलावरून उतरून म्हणाल्या, "अहो, जरा बसता का? मला तुमच्याशी बोलायचंय."

"आत्ता नको गं. आधी समेट," मामा म्हणाले आणि गुणगुणत बाहेर पडले. तिसरी ओळ अजूनही घसरत होती.

त्यांना त्या दिवशी सगळ्यात अवघड दार गाठायचं होतं. नाक्यावर काचेचं मोठं नवं दुकान झालं होतं आणि तिथं प्लॅस्टिकच्या पिशवीतला पाव मिळे. तारा त्या दुकानाच्या मॅनेजरचाच असणार, अशी गल्लीची खात्री होती. मॅनेजर गळ्यात ओळखपत्र अडकवून थंड पेयांच्या कपाटाशी उभा होता. मामा सरळ त्याच्यापुढं जाऊन म्हणाले, "साहेब, मला क्षमा करा. तुमचा पाव म्हणजे नुसता कापूस, असं मी सगळ्यांना सांगत असतो."

मॅनेजरला यातलं अक्षर माहीत नव्हतं. "काय सांगत असता?"

"कापूस. कधीकधी स्पंजही म्हणतो. हे बरं नाही, हे मला कळतंय."

"अहो, पण..." मॅनेजरचे कान लाल झाले. "तुम्ही माझ्या दुकानात येऊन, माझ्या गिऱ्हाइकांसमोर, माझ्या पावाला कापूस म्हणताय?"

"म्हणत नाही. म्हटलं त्याची क्षमा मागतोय."

रांगेतल्या बायका हसायला लागल्या. एकीनं हातातली पिशवी दाबून बघितली आणि हळूच जागेवर ठेवून दिली. नसलेलं भांडण उकरून काढून मामा वर त्याचा समेट मागत होते, आणि मॅनेजरला राग आवरेना. मामा तसेच उभे राहिले. शेवटी मॅनेजरनंच त्यांचा दंड धरून त्यांना मागच्या गोदामात नेलं आणि दार लोटलं. आता हा आपल्याला मारतो की काय, असं मामांच्या मनात आलं. मॅनेजरनं कपाट उघडून डबा काढला. त्यात मामांच्या भट्टीतला पाव होता, लोणी लावलेला.

"कुणाला सांगू नका," मॅनेजर म्हणाला. "तारा मी दिलेला नाही. दिला असता तर पाच दिले असते, आणि नोकरी गेली असती."

दोघांनी तो पाव पोत्यावर बसून वाटून खाल्ला.

असं करता करता शनिवारची दुपार झाली. गल्ली संपली होती. मागची गल्लीही संपली होती. भट्टी तापलेली, परातीत चाळलेलं पीठ पांढरंशुभ्र पसरलेलं, आणि मामा हात न लावता त्याच्यासमोर उभे. त्यांचा चेहरा उतरला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मेजावर त्यांची भाकर जाणार नव्हती. नुसती भाकर नाही. ज्याच्याशी समेट झालेला नाही त्यानं मेजापाशी जायचंच नाही, ही शिस्त ते स्वतःलाही लावणार होते.

पाळक भाकरीची चौकशी करायला आले. तरुण माणूस, सायकलवरून आलेला, हेल्मेट काखेत.

"मामा, तयारी झाली?"

"नाही होणार, पाळकसाहेब. तो माणूस सापडला नाही."

"मग मी नाक्यावरून आणू का पाव?"

"तो कापूस?" मामांच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच त्यांनी कान धरला. "बघा, पुन्हा क्षमा मागावी लागणार."

पाळकांना हसू आवरेना. "पण मामा, खरंच सगळ्यांना विचारलंत? कुणी राहिलं नाही?"

"कुणी नाही. गाण्याच्या बाई झाल्या, टॅक्सीवाला झाला, मॅनेजर झाला, पोस्टमनला तर दोनदा विचारलं. आता काय, आम्ही दोघंच उरलो."

मामा हे हसत हसत बोलले, आणि त्यांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी वळून काउंटरकडं पाहिलं. फोन टिंगटिंग करत होता. मामी स्टुलावर बसल्या होत्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच फोनकडं बघत नव्हत्या. त्या मामांकडं बघत होत्या.

"तू?" मामा म्हणाले.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मामी म्हणाल्या. "सबंध आठवडा मजा बघतेय मी. आज विचारतील, उद्या विचारतील. पोस्टमनला दोनदा विचारलंत?"

"अगं, पण तोंडावर सांगायचंस ना!"

"तोंडावर किती वेळा सांगितलं! पालथ्या घड्यावर पाणी. मी बोलायला लागले की तुमचं गीत सुरू होतं. म्हटलं, गावात बोभाटा झाल्याशिवाय या माणसाला ऐकू जायचं नाही."

पाळक हळूच दाराकडं सरकायला लागले. मामी म्हणाल्या, "थांबा पाळकसाहेब. तुम्हीही ऐका. प्रवचन तुम्हीच केलं होतंत."

पाळक हेल्मेट पोटाशी धरून उभे राहिले.

"यांचं जगणं साधं आहे, खरं आहे ते," मामी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "फोन नाही, बिल नाही, कराची कटकट नाही. पण ती कटकट गेली कुठं? हवेत विरली का? ती सगळी माझ्याकडं आहे. यांचं साधं जगणं माझ्या डोक्यावर उभं आहे, आणि वरून हे म्हणतात, पीठ, पाणी, मीठ आणि प्रभू. त्यात मी कुठंय? लग्न होऊन आले तेव्हा पीठ मी मळत होते. आठवतं? मळताना मीही गात होते. मग काउंटर आलं, मग फोन आला, आणि पिठाला माझा हात लागायचा बंद झाला. प्रार्थनेला डोळे मिटले तरी पिशवीत काहीतरी वाजतंच. मलाही साधं जगायचंय हो. प्रभू काही एकट्या तुमचा नाही."

मामांनी एरवी ऐकून घेतलं नसतं, असं नाही. त्यांना ऐकायची सवयच नव्हती. पण या आठवड्यात दारोदार फिरून ती थोडी लागली होती. त्यांनी मामींचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, आणि ते पिठाच्या पोत्यावर मटकन बसले. गल्लीभर क्षमा मागताना त्यांना कधी जड गेलं नव्हतं. आता मात्र गेलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पिठाच्या हातानं पुसलं आणि चेहऱ्याची पार रांगोळी करून घेतली.

"चुकलो गं," ते म्हणाले. "सगळ्यांचं ऐकत सुटलो आणि तुझंच राहिलं. मला क्षमा कर."

"केली," मामी म्हणाल्या. "पण क्षमेवर भागणार नाही. हा घ्या."

त्यांनी फोन मामांच्या हातात दिला, मामांना खांद्याला धरून स्टुलावर बसवलं, आणि बांगड्या मागं सारून त्या परातीपुढं उभ्या राहिल्या.

पुढचा तासभर त्या बेकरीत जे झालं ते पाळकांनी पुढं कितीतरी जणांना सांगितलं. मामांनी पहिला फोन उचलला आणि उलटा कानाला लावला. मग सुलटा लावला. पलीकडं मैदेवाल्याचं यंत्र बोलत होतं, अमुक हवं तर एक दाबा, तमुक हवं तर दोन. मामा म्हणाले, "नमस्कार ताई. बऱ्या आहात ना? जरा सावकाश सांगा, मी नवा आहे." यंत्रानं पुन्हा तेच सांगितलं. "अहो ताई, दम तर घ्या!" पाळकांना हसून हसून उचकी लागली. मामांना घाम फुटला होता, चष्मा नाकावरून घसरत होता, आणि एकाच वेळी तीन ऑर्डरी येऊन पडल्या होत्या. "हे तू रोज करतेस?" त्यांनी कळवळून विचारलं.

"रोज," मामी म्हणाल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत पिठात होते. सुरुवातीला बोटं बिचकत होती, मग त्यांना आठवत गेलं. पीठ हाताखाली मऊ झालं, ताणलं जाऊ लागलं, आणि मामी गायला लागल्या. आवाज बारीक, पण सुरात. समोरची खिडकी करकरत उघडली आणि गाण्याच्या बाई डोकावल्या. या वेळी खिडकी त्यांनी लावून घेतली नाही.

रविवारी मंदिर भरलं होतं. मेजावर मामींची भाकर होती. सवय गेल्यामुळं ती एका बाजूला कलली होती आणि वर एक चीर गेली होती, पण तिचा वास शेवटच्या बाकापर्यंत पोचला होता. पाळकांनी ती हातात उचलली. सगळीकडं शांतता झाली, आणि त्या शांततेत मामांच्या खिशात फोन वाजला.

तो बंद कसा करायचा हे मामांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी खिसा दाबून धरला, तर तो जास्तच जोरात वाजू लागला. मागच्या बाकावर मुलं खुदखुदायला लागली. सवयीनं मामींचा हात पुढं आला. मामांनी तो हळूच बाजूला केला आणि म्हणाले, "राहू दे. ते आता माझं काम आहे."

ते वाकून, बाकाबाकाला धडकत दारापर्यंत गेले. दाराबाहेरून त्यांचा आवाज अख्ख्या मंडळीला ऐकू येत होता. फोनवरच्या माणसाला ऐकू जावं म्हणून ते मोठ्यानं बोलत होते. "नाही हो, आज दुकान बंद... हो हो, ताजी भाकर आहे, पण ती विकायची नाही... इथं, मंदिरात... या की! कुणी अडवलंय?"

मंडळी मोकळेपणानं हसली. पाळकही हसले, आणि मामा परत येईपर्यंत ते भाकर हातात धरून थांबले. मामा घामाघूम होऊन जागेवर बसले. मामींनी डोळे मिटले होते. त्यांची पिशवी घरी राहिली होती आणि दोन्ही हात मांडीवर रिकामे होते. पाळक समोर आले तेव्हा मामींनी ते हात भाकरीसाठी पुढं केले.